कालिंदीची धाकधूक

चंद्रावरच्या वसाहतीतल्या दवाखान्यात डॉ. नसीमा मुकादम यांनी दोन छोट्या चकत्या टेबलावर ठेवल्या.

"हा ताणवाहक. एका मेंदूतला ताण उचलून दुसऱ्या मेंदूत नेतो. ताण नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो."

कालिंदी उकिडवे वसाहतीची सुरक्षा-परीक्षक होती. घुमटांची हवाबंदी, प्राणवायूची यंत्रं, सगळं तिच्या मंजुरीनंतरच चालू होई. अलीकडे ती अभियंत्यांवर खेकसायची, प्रत्येकाला खोटारडा समजायची आणि दमली की नीट न पाहताच मंजुरी देऊन मोकळी व्हायची. अशीच मंजूर केलेली एक झडप नुकतीच नादुरुस्त निघाली होती.

"तिचा ताण मी घेतो," तिचा नवरा सुबोध म्हणाला. तो वसाहतीच्या शाळेत मराठी शिकवायचा. "माझ्या हातून फार तर एखादी वेलांटी चुकेल."

दोघांच्या कानामागे एकेक चकती बसली आणि कालिंदी बदलली. अभियंत्यांशी हसून बोलू लागली. नव्या निवासी घुमटाची तपासणी तर तिने शीळ घालत केली. दुसऱ्या दिवशी तिथे कुटुंबं राहायला जाणार होती.

ती घरी आली तेव्हा सुबोध दारातच येरझारा घालत होता.

"कालिंदी, तो घुमट पुन्हा बघ."

"अरे, सगळे आकडे बरोबर आहेत. आणि तुला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही! म्हणजे ही धाकधूक माझी नाही. तुला तिथे काहीतरी खटकलंय, आणि त्याची भीती माझ्याकडे आलीय."

कालिंदीने चकती काढली, डोळे मिटले. तिला आठवलं, घुमटाच्या दाराजवळच्या सांध्यावरून बोट फिरवताना तो गार लागला होता. एरवी ती तिथेच थांबली असती.

दोघं धावतच घुमटाकडे गेली. सांध्याला केसाएवढी चीर होती. कुटुंबांचं स्थलांतर पुढे ढकललं गेलं.

"म्हणजे शंका हासुद्धा ताणच," डॉ. मुकादम विचार करत म्हणाल्या. "तो काढला तर..."

"तर परीक्षक उरत नाही." कालिंदीने दोन्ही चकत्या परत केल्या. "मला एक जोडीदार परीक्षक द्या, डॉक्टर, आणि हक्काची सुट्टी. एवढं पुरे."

ते तिला मिळालं. ती पुन्हा कामावर गेली त्या सकाळी सुबोधला फळ्यावर एक ओळ धड लिहिता येईना. छातीत धडधडत होतं. त्याने दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, तिचा ताण अजून माझ्याकडे येतोय. यंत्र चालू राहिलंय का?"

"यंत्र कधीच बंद केलंय, सर," डॉ. मुकादम हसल्या. "ही धाकधूक तुमची स्वतःची आहे."