गैरहजर पट्ट्या

संगणकात स्मरणपट्ट्या चार बसवलेल्या होत्या. संगणक म्हणत होता, दोनच आहेत. एरवी हे कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्या दिवशी काळीधोंड खाणीचा बोगदा बसला होता, आत तीन माणसं होती, आणि त्यांतला एक जाईचा बाबा होता.

जमीन खचताना संदेशांचा मनोराही आडवा झाला, त्यामुळे शहरातल्या बलाढ्य यंत्रांशी संपर्क तुटला. उरला बचाव कचेरीतला मेजावरचा जुना संगणक. बाहेर खोदणारे यंत्रमानव तयार उभे होते. पण कुठे खोदायचं, हे त्यांना कोण सांगणार? चुकीच्या जागी छिद्र पाडलं तर उरलेलं छतही खाली आलं असतं.

कचेरीत माणसं पुष्कळ जमली होती. काळजी करणारी थोडी, आपली काळजी वरिष्ठांना दिसतेय ना हे पाहणारी जास्त. व्यवस्थापक देशकरसाहेब दोन्हीकडे मोजावे लागत.

"सकाळपासून आतून काही उत्तर नाही," ते म्हणाले. "शोध थांबवायचं वर कळवावं लागेल. त्यात हे मशीन म्हातारं."

"म्हातारा तर मीही आहे," बोबडे आजोबा म्हणाले. खडकांचे आवाज ऐकण्यात या शास्त्रज्ञाने जन्म घालवला होता. "जाई, टॉर्च धर. रडायचं तर रड, पण हात हलू देऊ नको."

जाईने टॉर्च धरला. "पट्ट्या आहेत, तर दिसत काहून नाहीत?"

"सुरू होताना संगणक रॅमची (काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीची) हजेरी घेतो. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते. ती सांगते, मी एवढी मोठी, माझा वेग एवढा. जिचं उत्तर येत नाही, ती गैरहजर. संगणक काही उठून बघायला जात नाही."

"साहेबांसारखंच," जाई म्हणाली. "तेही उत्तर नाही म्हणजे माणूस नाही असं धरतात."

देशकरसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

आजोबांनी संगणकाचा सुरुवातीचा पडदा (बाकी प्रणाली जागी होण्याआधीची मूळ माहिती) उघडला. "इथे चारही दिसल्या असत्या तर दोष प्रणालीचा. इथेही दोनच, म्हणजे दोष हाताला लागणारा." त्यांनी वीज तोडली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला आणि पट्ट्या काढल्या. मग चालणाऱ्या एकाच खाचेत त्या एकेक करून लावून पाहिल्या. चारही बोलल्या.

"आता उलटं. पट्टी तीच, खाच बदलायची. दर वेळी वीज तोडून."

दोन खाचांत तीच धडधाकट पट्टी मुकी झाली.

जाईने टॉर्च वाकवला. खाचेच्या तळाशी लाल काहीतरी थिजलं होतं. त्यात अर्धा तांदूळ.

"कुंकू," आजोबा म्हणाले. "अक्षतासुद्धा."

दसऱ्याला खाणीतल्या यंत्रांची पूजा होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण झाकण काढून? कुणीही साहेबांकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी एकदमच पाहिलं नाही, म्हणून कळलं.

"वरून वाहिलं तर आतल्याला कसं पोचणार," देशकरसाहेब हळू म्हणाले.

"पोचलं. तेव्हापासून दोन खाचा बंद. रोजच्या कामाला अर्धी रॅम पुरत होती, म्हणून कुणाला पत्ता नाही."

कोरडा ब्रश, हवेचा फुगा, मग स्पिरिट. ते पूर्ण सुकेपर्यंत थांबणं भाग होतं.

पुन्हा हजेरी. चार.

"आता सगळे भूश्रावक (खडकातली थरथर टिपणारी यंत्रं) एका वेळी ऐकता येतील," आजोबा म्हणाले. "आधी निम्म्यांच्याच नोंदी मावत होत्या. प्रत्येकाच्या अंतराप्रमाणे वेळ जुळवून बेरीज करायची. पंपांची घरघर बेरजेत आपसातच विरते. एका जागेहून आलेला ठोका मात्र वाढत जातो."

पडद्यावरच्या गवतासारख्या रेघांतून एक टोक वर आलं. मग दुसरं. ठोके होते, भरभर आणि सारखे. जागा मिळाली. यंत्रमानव निघाले.

छिद्र पडत असताना ठोके थांबले. मग पुन्हा सुरू झाले, पण सावकाश, वेगळ्याच चालीने.

दोघे जिवंत निघाले. तिसरे शालिक कुमरे चादरीने झाकलेले आले. जाईचा बाबा झोळीत पडून म्हणाला, "आधी शालिक ठोकत होता. त्याचा हात थांबला, तेव्हा दगड मी घेतला."

कचेरीत देशकरसाहेब म्हणाले, "झालं काम. मशीन बंद करा."

"थांबा," जाई म्हणाली. "ठोके अजून रॅममध्येच आहेत. वीज गेली की पुसले जातील." तिने ती नोंद डिस्कवर (वीज नसतानाही माहिती टिकवणाऱ्या साठ्यात) उतरवली, आणि उतरल्याची दोनदा खात्री केली.

"हे आपण पुढच्या यंत्रांना शिकवू," आजोबा म्हणाले. "माणसाचा ठोका कसा असतो हे त्यांना आधीच माहीत असलं, तर पुढच्या वेळी इतका उशीर होणार नाही. पण ते ठोके आपले नाहीत. विचारावं लागेल."

शालिककाकांच्या पत्नी वच्छलाकाकू दारात उभ्या होत्या. जाईने त्यांना खुर्ची दिली आणि नोंद लावली.

"यातले त्याचे कोणते?"

"पहिले. भरभर आहेत ते."

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"यंत्रांना देऊ का, काकू?"

"दे," काकू म्हणाल्या. "आधी आणखी एकदा लाव."