पहिल्या हाकेला

चक्रीवादळानं पोलादपूरच्या डोंगरावरचे विजेचे खांब आडवे केले, मोबाइलचा टॉवरही मुका झाला, तेव्हा महाडच्या उबेदला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. कुवेतमध्ये वायरिंगची कामं करून परतलेला हा गडी. बंद पडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्या दुपारी तो धनगरांच्या वाडीवर चढला. सगुणाबाईच्या कौलांवर त्यानं सोलर पॅनेल बसवलं, ओटीवर दिवा लावला आणि वायरलेसचा सेट जोडला.

दिव्यापेक्षा सेटचीच निकड होती. सगुणाबाईच्या सुनेला, संजीवनीला, नववा सरत आला होता. कळा सुरू झाल्या तर खालून जीप बोलवायला दुसरा मार्ग नव्हता.

"बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. खाली पोलादपूरच्या बाजारात माझा धाकटा भाऊ साकिब बसलाय. त्याची हाक आली की लगेच ओ द्यायची."

"लगेच नाय," सगुणाबाई म्हणाली. "आमच्यात तिसऱ्या हाकेला ओ देतात. माणूस असलं तर तीनदा हाकारतं."

"मावशी, तोवर बॅटरी संपेल!" उबेद हसला.

तेवढ्यात सेट खरखरला. "उबेद."

साकिबचाच आवाज. उबेदनं झटकन बटण दाबलं. "बोल रे. मस्त ऐकू येतंय."

"वर कोण कोण आहे?"

"मी, मावशी आणि त्यांची सून."

"सुनेचं नाव काय?"

"संजीवनी. का रे?"

पलीकडची खरखर तुटली. सगुणाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"येकदाच हाकारलं त्यानं. आन् तू पोरीचं नाव देऊन बसलास!"

म्हातारीची समजूत काढायला उबेद वळला आणि मध्येच थबकला. साकिब त्याला कधी नुसतं उबेद म्हणत नसे. कायम भाईजान. शिवाय आवाजामागं बाजाराचा गलका नव्हता, वाराही नव्हता. त्याला भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं. तो वाकून सेट निरखू लागला.

अंगणात कोणीतरी धापा टाकत आलं. साकिब होता, खांद्यावर बॅटरी घेऊन.

"भाईजान, ही चार्जच होत नाय. खालचा सेट सकाळपासून बंद हाय. दुसरी दे."

सगुणाबाई आत धावली.

उबेदनं सेट बंद करायला हवा होता. बोट बटणापर्यंत गेलंही. पण आता काय ऐकू येतं, हे त्याला ऐकायचंच होतं.

सेट खरखरला.

"संजीवनी."

या वेळी आवाज उबेदचा होता.

त्यानं दारातून आत बघितलं. सगुणाबाईनं सुनेच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला होता. पोरगी हूं की चूं करत नव्हती.

तरी ओ आली.

बारीक, कोंडलेली.

संजीवनीचे दोन्ही हात पोटावर गेले.