माळ्यावरचा दुसरा राउटर

“त्या राउटरच्या डब्याला कुणी हात लावायचा नाय!” अप्पारावकाका कडाडले. “नेटच्या कंपनीची लाइनच खराब आहे. मेघा, सोमवारी गुमान शेंद्र्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचं. घरबसल्या धंद्याचं खूळ पुरे!”

काका तणतणत बाहेर पडले. मेघाताईचे डोळे भरून आले, आणि दिवाळीच्या सुट्टीत खुलताबादहून आलेल्या तिच्या चुलतबहिणीच्या, प्रेरणाच्या, डोक्यात तिडीकच गेली!

ताईची ही पहिली ऑर्डर होती. एका शाळेसाठी चित्रांची दिनदर्शिका. पुण्याच्या छापखान्यातले कारभारीसाहेब फाइल थेट ताईच्या कॉम्प्युटरमधून उचलणार होते. त्यासाठी ताईनं राउटरमध्ये वाट, म्हणजे पोर्ट, उघडून ठेवली होती. तरी कालपासून त्यांचं एकच पालुपद, ‘कनेक्शन होत नाही!’ फाइल इतकी जड, की मोबाइलच्या नेटवर दुसरा दिवस उजाडला असता. चार वाजता छापखान्यातलं मशीन दुसऱ्याच्या कामाला लागणार होतं, आणि आता अडीच झाले होते.

“मी लावणार हात!” प्रेरणा म्हणाली.

“पप्पा सोलून काढतील तुला,” ताईचा धाकटा भाऊ सार्थक म्हणाला.

“काढू देत! तू येतोस की घाबरलास?”

“मी? घाबरतो? हॅट्!”

ताईनं राउटरची सेटिंग उघडली. प्रेरणाची नजर एका आकड्यावर अडली.

“ताई, हा राउटरचा बाहेरचा पत्ता ना? मग १९२.१६८नं कसा सुरू होतोय? असा पत्ता घरातल्या घरात असतो. शाळेच्या लॅबमध्ये शिकवलंय आम्हाला!”

ताई ताडकन उठली. “म्हणजे याच्या आणि बाहेरच्या लाइनच्या मधे आणखी एक राउटर आहे!”

तिघं वायरचा माग काढत निघाले. वायर स्वयंपाकघरात शिरून माळ्यावर गेली होती. सार्थक स्टुलावर चढला. फराळाच्या डब्यांमागे हळदीकुंकू लावलेला जुना राउटर दिवे लुकलुकवत बसला होता!

“हात लावू नको त्याला!” ताईची आई, मनकर्णाकाकू, धावत आल्या. “खंडेनवमीला पूजलाय म्या. पूजलेली वस्तू टाकायची नाय, बंद बी करायची नाय. म्हणून तर ह्यांनी नवा त्यालाच जोडला.”

“काकू, आम्ही तो काढत नाही, बंदही करत नाही,” प्रेरणा ठामपणे म्हणाली. “पण त्याला ताईची वाट अडवू देणार नाही!”

काकूंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “बरं. स्टूल म्या धरते.”

सार्थकनं राउटरच्या बुडावरचा पासवर्ड वाचला. प्रेरणानं जुन्या राउटरमध्येही तोच पोर्ट उघडला आणि त्याचा रोख नव्याकडे वळवला. ताईनं फोन लावला.

“आत शिरलो!” कारभारीसाहेब ओरडले. “पण फायलींची यादी येईना. अडकलं!”

सव्वातीन! प्रेरणानं नखं कुरतडली. “ताई, ओळख पटवायची वाट एक आणि फाइल न्यायची वेगळी, असं तर नसेल?”

“अगं, असंच असतं! फाइलीचे पोर्ट वेगळे. मी ते नव्यात उघडलेत, जुन्यात राहिले!”

पटापट आकडे भरले.

“आली यादी! घेतोय, घेतोय!”

चाराला पाच कमी असताना काका दारात उभे. “लावलाच ना हात?”

“लावला!” प्रेरणा मागे हटली नाही. “कंपनीची लाइन ठणठणीत आहे, काका. तुम्हीच एका राउटरला दुसरा जोडलात आणि ताईला सांगितलंही नाहीत!”

सार्थक ताईच्या मागे सरकला. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, “फाइल पोचली, मेघाताई! काम झकास! पुढच्या वर्षीचंही तुम्हीच करा.”

काकांनी माळ्याकडं पाहिलं, मग प्रेरणाकडं. “चूक माझीच. लई धीट आहेस गं पोरी!” ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“साहेब, आमची मेघा सोमवारी मुलाखतीला येणार नाय... नाय नाय, आजारी नाय. तिचा स्वतःचा धंदा आहे.”