नकाशेवाल्याचे आठ व्हॉल्व

भंगारबाजारात त्या दिवशी एकाच कार्बोरेटरवर दोन हात पडले. एक माझा, ग्रीसने काळा. दुसरा त्याचा, बोटांना निळी शाई लागलेला.

"मी आधी पाहिला," तो म्हणाला.

"पाहिला असेल. कशाचा आहे ते कळलं का?"

"जुन्या लष्करी जीपचा. आहे माझ्याकडे एक... इंजिन जाम झालंय तिचं."

"मग घ्या खुशाल. पण बसवणार कोण?"

यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग कार्बोरेटर विकत घेतला आणि सरळ माझ्याच हातात ठेवला. मी तो पदराआड न लपवता पिशवीत टाकला आणि त्याला गॅरेजचा पत्ता सांगितला.

असा तो, मी जिथे काम करते त्या माझ्या मामाच्या गॅरेजात आला. नकाशे काढणं हा त्याचा व्यवसाय, म्हणून मामाने पहिल्याच दिवशी त्याचं नकाशेवाला असं बारसं करून टाकलं. जीप त्याने लिलावात घेतली होती. महिनाअखेरीला डोंगरातल्या मोजणीच्या कामावर त्याला दोन वर्षांसाठी रुजू व्हायचं होतं आणि तिथल्या रस्त्यांवर हीच जीप न्यायची होती. इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायचं काम मामाने माझ्यावर सोपवलं. मी खूश झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

कारण तो रोज संध्याकाळी यायचा. उलट्या पिंपावर बसून प्रश्न विचारायचा. पिस्टनला रिंगा तीनच का? हा आवाज चांगला की वाईट? तुमच्या गालाला काळं लागलंय, सांगू का नको? मी चिडल्याचं दाखवायची आणि सहा वाजले की दाराकडे बघायची. सव्वासहापर्यंत तो आला नाही की हातातला पाना निसटायचा. घरी गेले तरी चैन नसे... जेवताना आई विचारायची, लक्ष कुठे आहे तुझं? आता आईला काय सांगणार, की मी जितकं चांगलं काम करतेय तितका एक माणूस लवकर निघून जाणार आहे!

आणि मग त्याने तो पराक्रम केला.

इंजिनात आठ व्हॉल्व होते. मी ते तीन दिवस खपून एकेक करून आपापल्या जागेवर घासून जुळवले होते, आणि मग काढून पुठ्ठ्याला भोकं पाडून, आकडे घालून ओळीने खोचून ठेवले होते. मी सुटे भाग आणायला गेले आणि परत येऊन बघते तर हा बाह्या सरसावून बसलेला. आठही व्हॉल्व रॉकेलच्या एकाच बादलीतून धुऊन, चकचकीत पुसून, कापडावर ढीग करून ठेवलेले.

"तुमचा त्रास वाचवला," तो म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. दिसायला सगळे सारखे असले तरी प्रत्येक जण फक्त स्वतःच्याच जागेवर बसतो, दुसरीकडे हवा सोडतो, हे त्याला समजावताना माझा आवाज चढत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. मामा लांबून म्हणाला, ज्याने धुतले त्यालाच घासायला लाव.

मग तीन संध्याकाळी आम्ही शेजारी शेजारी वाकून व्हॉल्व घासले. घासायची पेस्ट लावायची, व्हॉल्वला चिकटवलेली काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची, उचलून बघायचं. कडेला सगळीकडे सारखी राखाडी रेघ उमटली की तो बसला. त्याची रेघ कुठेतरी तुटायचीच. मी त्याच्या हातांवर हात ठेवून वेग दाखवला... आणि मग काढायला विसरले.

"तू रागावलीस ना तेव्हा," तो हळूच म्हणाला, "मला वाईट वाटलं. पण तीन दिवस वाढले म्हणून बरंही वाटलं."

त्याने मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. मी मान वर केली नाही. मलाही बरं वाटलं होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

शेवटच्या आठवड्यात मनात पाप आलं. इंजिनाच्या सांध्यातला एखादा गॅस्केट जरा तिरका बसवला असता, तर अजून चार दिवस! पण ते माझ्या हातांना जमेना. मी ते इंजिन असं बांधलं की बस्स.

निघायच्या दिवशी सकाळी नऊला त्याने स्टार्टर दाबला. दुसऱ्याच दमात ते धरलं. मामाने बॉनेटवर तळवा ठेवला, मान डोलावली आणि तो आत गेला. जीपमागे सामान बांधलेलं होतं. मी कापडाने हात पुसत राहिले, आधीच पुसलेले.

"ऐक, इंजिनाच्या हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात," मी म्हणाले. "पाचशे किलोमीटरवर. त्यासाठी यावं लागेल."

"पाचशे कुठले?" आतून मामा ओरडला. "तीनशेला आवळतो आपण. तुझं डोकं कुठाय?"

नकाशेवाला मनातल्या मनात हिशेब करू लागला. "डोंगर इथून दीडशेवर. म्हणजे पोचलो की लगेच वळायचं?"

तो हसत होता. मला हसू येईना. नटांच्या आडून बोलायचा मला एकदम कंटाळा आला.

"नट तिथला कुणीही आवळेल," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. तू गेलास तर मला इथे करमणार नाही. झालं, बोलले."

इंजिन एका लयीत चालत होतं. त्याने ते बंद केलं, खाली उतरला, आणि माझे दोन्ही हात कापडासकट धरले.

"तू बोलली नसतीस तर मी काय करणार होतो, माहितीये? पहिल्या वळणावर परत येणार होतो. काहीतरी वाजतंय म्हणून."

"माझ्या इंजिनात? काही वाजणार नाही."

"तेच तर. कारणच ठेवलं नाहीस." त्याने माझ्या हातांतलं कापड काढून बॉनेटवर ठेवलं. "दोन वर्षं मी दर रविवारी येणार. मला कारण नकोय."

"रविवारी गॅरेज बंद असतं," आतून मामा म्हणाला.

"म्हणूनच, मामा," मी म्हणाले.