मोकळा पाय

औषधांची खोकी पलीकडच्या विमानतळावर पोचवायची, दुपारपर्यंत परतायचं आणि संध्याकाळी लेकीला पोहायला न्यायचं, एवढंच त्या सकाळी चिमणीच्या डोक्यात होतं. चिमणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. अंगानं पाप्याचं पितर, पाठीशी उशी घेतल्याशिवाय पाय पोचायचे नाहीत, म्हणून तिच्या सरांनी पाडलेलं नाव. पण दोन इंजिनांचं विमान अशी उडवायची, की खालच्यानं मान वर करून बघत राहावं.

सरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. असंच छोटं विमान, एकटेच होते. उडाल्या उडाल्या डावं इंजिन बंद पडलं आणि सरांनी चांगलं चालणारं उजवंच बंद केलं. चौकशीवाल्यांनी दोन ओळींत निकाल लावला, चूक वैमानिकाची. पट्टीच्या पोहणाऱ्यानं गुडघाभर पाण्यात बुडावं, तसं झालं.

कारण सरांनी जन्मभर शिकवलं होतं ते हेच. एक इंजिन मेलं की विमान मेलेल्या बाजूला वळतं. ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूच्या पायानं पायपट्टी दाबून धरावी लागते. मग जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. त्याची दांडी ओढायची, म्हणजे पंख्याची पाती मिटतात आणि वाऱ्याला अडवत नाहीत. कान फसवतात, डोळे फसवतात, पाय फसवत नाही. सर गुडघ्यावर टिचकी मारून विचारायचे, "चिमणे, मोकळा कोणता?" उत्तर दिल्याशिवाय दांडीला हात लावू द्यायचे नाहीत. ही टिचकी मूळची त्यांच्या गुरुजींची; ते गुरुजी सर तरुण असतानाच विमान पडून गेले होते.

त्या सकाळी शेजारच्या सीटवर मिस्त्रीकाका होते. तिकडचा एक पंप दुरुस्त करायचा होता. सरांचे हे लंगोटीयार; सर गेल्यापासून बोलणं कमी झालेलं, पण खोडी गेली नव्हती.

"तुझ्या हातचा चहा पिऊन जगलोय," पट्टा आवळत ते म्हणाले. "आता विमानाचं काय घाबरायचं?"

"घाबरू नका. झोपा. घोरू मात्र नका, इंजिन ऐकू येत नाही."

विमान धावलं, उचललं. चाकं पोटात गेली. खाली गोदामांची पत्र्याची छपरं लहान व्हायला लागली, आणि तेवढ्यात काहीतरी खोकलं. विमानाचं नाक डावीकडे ओढलं गेलं. तिचा उजवा पाय आपसूक खाली गेला, मांडी थरथरेपर्यंत. तिनं नाक खाली धरलं. उंची पोरासोरांच्या पतंगाएवढी. हात आपलं काम करत होते.

डावा पाय मोकळा. म्हणजे डावं.

तिचा हात डाव्या दांडीकडे गेला, आणि मेंथॉलच्या गोळीचा वास आला. बारा महिने घसा धरलेला माणूस तोंडात गोळी घोळवत कानाशी बोलावा, तसा. मग हेडफोनमध्ये, अगदी हळू...

"चिमणे... उजवं."

सरांचाच आवाज. तोच घोगरेपणा.

"उजवं मेलंय. वेळ नाही. माझं ऐक..."

आठ वर्षं तिनं त्या आवाजाचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. तिचा हात आपोआप उजव्या दांडीवर गेला. दांडी बर्फासारखी गार. छपरं जवळ यायला लागली. घरी लेक पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवूनच फिरत असेल.

"ओढ, बाळ..."

तिनं खाली पाहिलं. डावा पाय पायपट्टीवर नुसता टेकलेला, झोपलेल्या मांजरासारखा.

"सर," ती पुटपुटली, "मोकळा डावा आहे."

कानात फक्त एक सुस्कारा... आणि तिनं डावी दांडी ओढली.

डावा पंखा थांबला. विमान इंच इंच वर चढलं. मोठा वळसा घालून तिनं ते परत आणून जमिनीला टेकवलं.

पंखाच्या सावलीत दोघं बसले. डाव्या इंजिनाखाली तेल टपटपत होतं. मिस्त्रीकाकांचे दोन्ही हात मांडीखाली होते. विमानात होते तसेच, खाली बसल्याबरोबर पुन्हा दाबलेले.

"काका, हात का असे?"

"दाबून बसलो होतो." ते तिच्याकडे बघत नव्हते. "मलाही आला आवाज. म्हणाला, तिचा हात धर... ती चुकतेय... तिला डावं ओढू देऊ नकोस."

चिमणीच्या अंगावर सरसरून काटा आला. "सर असं का करतील? माझा जीव घ्यायला?"

"जीव घ्यायला नाही गं. वाचवायलाच आला होता तो. त्याला अजून वाटतं, आपण बरोबर होतो."

"पण ते चुकलेच कसे? त्यांचा पाय तर..."

काका एकेक शब्द उचलून ठेवावा तसे बोलले. सर गेले त्या दिवशी त्यांच्या हातून बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. टॉवरवर सगळं टेप झालं. आवाज ओळखायला काकांनाच बोलावलं होतं. शेवटच्या घटकेला सरांचं डोकं फिरलं होतं, असं चौकशीवाले म्हणाले आणि मित्राची अब्रू राहावी म्हणून काकांनी तोंड शिवून घेतलं.

"काय होतं टेपवर?"

"तो कुणाशी तरी बोलत होता. विमानात एकटा होता, हे तुला माहीतच आहे." काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणाला, नाही गुरुजी... मोकळा तर डावा आहे. मग जरा वेळ नुसता वारा. आणि मग, शाळेतल्या पोरासारखं... बरं गुरुजी. तुम्ही म्हणता तर."