मी धरलंय

बहिणीला त्याने परोपरीने समजावलं होतं. सहा फुटी काचेची टाकी, आतली रेती आणि पाणी धरून वजन टनाच्या वर जाणार. वरच्या मजल्याची खोली जुनी, मधोमध तुळई नाही. इमारतींचे भार मोजण्यात त्याचे केस पिकले होते. "खालीच राहू दे," तो म्हणाला. पण खालची खोली भाच्याची, आणि तो गेल्यापासून बहिणीने तिचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याचे मासे मात्र तिला डोळ्यांसमोर हवे होते.

भाचा अंगाने इतका किरकोळ, की मामाने त्याचं नाव काडीपैलवान ठेवलेलं. पण कपाट सरकवायचं असो की सिलिंडर वर न्यायचा असो, हाच पुढे. "आई, तू सोड, मी धरलंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोरगा हातचा गेला.

शेवटी हमाल लावून तिने टाकी वर चढवलीच. मग त्याने निदान एवढं केलं, की भाच्याच्या खोलीत एक लोखंडी नळी उभी केली आणि तिच्या टोकाला छताला टेकेल असा मोजकाटा बसवला. छत केसभर वाकलं तरी काटा हलणार. वर नळ सोडला. टाकी भरत आली, मासे फिरू लागले.

काटा तिळभरही हलला नाही.

त्याने बोटाने ढोसून पाहिलं, तर काटा नीट चालत होता. मांजर चाललं तरी स्लॅब थोडा वाकतो, असं तो शिकाऊ पोरांना गमतीने सांगायचा. आठवड्याने तो पुन्हा आला, तरी काटा तिथेच.

"खालून कुणाकडून टेकू लावून घेतलायस का?"

"त्या खोलीत पाय तरी टाकते का मी?" माशांवरची नजर न काढता ती म्हणाली.

तो खाली गेला, स्टुलावर चढला आणि छताला तळवा लावला. बारीक थरथर होती. सिलिंडर वर पोचवल्यावर पोराच्या हातांना सुटायची, तशीच. त्याला रडू आवरेना.

वर येऊन त्याने टाकीत पाइप सोडला.

"काय करतोयस?"

"पाणी काढतोय. थकलाय गं तो."

"माहीत आहे." तिने त्याचं मनगट धरलं. "रोज ऐकते मी त्याची धाप. पण दादा, भार उतरवलास, तर तो थांबेल कशासाठी?"

सोड आता त्याला, एवढंच दादाला म्हणायचं होतं.

पण पाइप त्याने स्वतःच्याच हाताने बाहेर काढला.

खाली आला तेव्हा फरशीवर एक थेंब दिसला, बरोबर टाकीखाली. गळती असणार. त्याने स्टुलावर चढून छत चाचपलं. कोरडं होतं.

दुसरा थेंब त्याच्यादेखत पडला. छतातून नव्हे. भाच्याच्या कपाळाच्या उंचीवरून, मोकळ्या हवेतून.

त्याने थेंबावर बोट टेकवून जिभेला लावलं. खारट होतं.

"दादा," वरून बहिणीचा आवाज आला, "अजून एक बादली मावेल. ओतू?"

तो काट्याकडे बघत उभा राहिला.

"ओत," तो म्हणाला.