झाकण लावून काढलेला फोटो

"आज लागणार ना तुझ्या ताऱ्याचा निकाल?" डबा हातात देताना सासूबाईंनी विचारलं.

"चारपर्यंत," नीरजा म्हणाली.

"पास झाला तर उत्तमच. नाही झाला, तरी शकूमावशीच्या क्लासला गणिताची बाई हवीच आहे. चालत पाच मिनिटं." श्यामलाबाईंच्या बोलण्यात आशीर्वाद कुठे संपतो आणि टोमणा कुठे सुरू होतो, हे लग्नाला तीन महिने होऊनही नीरजाला उमगलं नव्हतं. "आणि येताना मंडईतून आवळे आण. डागाळलेले नकोत."

नीरजाचं कंत्राट तीस तारखेला संपत होतं. ते वाढणं न वाढणं एका ठिपक्यावर अवलंबून होतं.

शहरापासून दोन तासांवर, डोंगरमाथ्यावर संस्थेची दुर्बीण होती. तिचा अवरक्त कॅमेरा अकरा वर्षं एकाच तेजोमेघाकडे बघत होता. डोळ्यांना तिथे नुसती काळी धूळ दिसते. पण धूळ प्रकाश अडवते, तेवढी ऊब अडवू शकत नाही. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दिसलं नाही, तरी हाताला कळतं, तसं. गेल्या आठवड्यात त्या धुळीच्या सगळ्यात काळ्या कोपऱ्यात एक उबदार ठिपका दिसला. नुकता जन्मणारा तारा असेल, किंवा म्हाताऱ्या कॅमेऱ्याचा डाग. तारा असेल तर प्रकल्प चालू. डाग असेल तर प्रकल्पही बंद आणि नीरजाही.

निकाल लावायची रीत सोपी होती. कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढायचा. त्याला सगळे 'डार्क' म्हणत. झाकण असूनही ठिपका आला, तर तो कॅमेऱ्याचाच. असा डार्क रोजच काढला जाई, आणि संगणक तो आकाशाच्या फोटोतून आपोआप वजा करी; तरी एखादा लहरी डाग त्यातून निसटे. उघडून मात्र कोणी बघत नसे. घरातल्या सुनेसारखा रोज लागतो, पण ज्याच्याकडे कोणी बघत नाही, अशा या डार्कबद्दल नीरजाला अलीकडे थोडी आपुलकी वाटू लागली होती.

दुपारी दीड वाजता ती संगणकापुढे बसली. ही वेळ म्हणजे पुण्याची मध्यरात्रच. बाहेर रस्ता निजला होता, शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. खोलीत एसीची घरघर आणि जुन्या गालिच्याचा कुबट वास. डोंगरावर बजरंग होता, खालच्या गावातला. आठ वर्षं कॅमेरा तोच सांभाळत होता.

"झाकण लावलंय, ताई," तो फोनवर म्हणाला. "घट्ट हाय."

"काढ मग."

पडद्यावर चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरू लागलं. ठिपक्याची जागा वरच्या कोपऱ्यात होती. नीरजा श्वास रोखून बघत राहिली. ती जागा काळी आली. स्वच्छ काळी.

ठिपका कॅमेऱ्याचा नव्हता. तारा होता. शकूमावशी हरली होती.

ओळी मात्र उतरतच होत्या. मध्यावर एक फिकट गोलाई आली. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, चौथी. मग बोटांची पेरं. मग अंगठा. मग सगळा तळहात, काचेला पलीकडून दाबून धरावा तसा चपटा.

"बजरंग… कॅमेऱ्याला हात लावलास?"

"न्हाई वो. आत उणे दोनशे हाय. हात लावला तर कातडं तितंच ऱ्हाईल."

"आणि… झाकणाच्या आत?"

"आत मुंगी जात न्हाई, ताई. का? काय दिसतंय?"

"काही नाही. अजून एक काढ."

दुसऱ्यातही हात होता. तिसऱ्यात तळव्यावरच्या रेघासुद्धा. नीरजाने त्याचं तापमान मोजलं. चौतीस अंश. तिने नकळत आपला तळवा गालाला लावून बघितला.

मग तिने जुने डार्क उघडायला सुरुवात केली. अकरा वर्षांत ते कोणी उघडले नव्हते. हात आकाशाच्या फोटोतही होता आणि डार्कमध्येही, त्यामुळे वजाबाकीत तो निमूट निघून जात होता. गेल्या वर्षी तळव्याचा मध्य लागलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी नुसती पेरं होती. पहिल्या वर्षीच्या पहिल्या डार्कमध्ये फक्त पाच ठिपके. चार कमानीत, एक खाली, बाजूला. अंधारात चाचपडताना भिंतीला आधी बोटांची टोकंच लागतात.

पावणेचार झाले. 'डार्क स्वच्छ आहे' एवढंच कळवलं असतं, तरी ते खोटं ठरलं नसतं. पण नीरजाने प्रकल्पप्रमुख जयसिंग सरांना दोन्ही लिहिलं : 'ठिपक्याच्या जागी डार्क स्वच्छ आहे. मात्र त्यात एक तळहात आहे. चित्रं जोडली आहेत.'

उत्तर दोन मिनिटांत आलं. 'हात असेल तर वजा कर. डार्क त्यासाठीच असतो. अभिनंदन.'

साडेचारला त्यांचा फोन आला.

"अगं, पेढे आण! समितीने मान्य केलं. कंत्राट दोन वर्षं वाढलं. आणि ऐक, कालच्या रात्रीचे फोटो आत्ता नीट बघितले. तो एकटा नाहीये. त्याच्या शेजारी आणखी चार आहेत!"

नीरजाला एसीची घरघर एकदम फार मोठी वाटली.

"सर… कसे आहेत? म्हणजे… मांडणी कशी आहे?"

"चार कमानीत. एक जरा खाली, बाजूला. का?"

"सर, तुम्ही ती चित्रं उघडलीत का? तो हात…"

"उघडली ना. म्हणून तर बजरंगला आत्ता परत डार्क काढायला लावला. कोरा आला. हातबित काही नाही. तुझा तो हात गेला, बाई."

नीरजाने पहिल्या वर्षीचा पहिला डार्क पुन्हा उघडला.

"आता हे पाच रोज मोजायचे. पसरतायत का, ते बघायचं. दोन वर्षं तुझं हेच काम. चालेल ना?"

"हो, सर," नीरजा म्हणाली.